खान्देशी ताटाचे माप : जळगाव व धुळे जिल्हा परिषदांना खुले पत्र

प्रति,
मा. मुख्य कार्यकारी अधिकारी,
जिल्हा परिषद, जळगाव व जिल्हा परिषद, धुळे.

विषय : आहाराचे योग्य प्रमाण भाकरी, वाटी आणि पळी या घरगुती मापांत ठरवून ते शाळा, अंगणवाड्या व आरोग्य केंद्रांमार्फत घरोघरी पोहोचवण्याबाबत.

महोदय,

संतुलित आहार घ्यावा, तेल-मीठ कमी खावे, भाजीपाला अधिक खावा, हा उपदेश आता कोणत्याही गावाला नवा राहिलेला नाही. परंतु संतुलित म्हणजे नेमक्या किती भाकरी, किती वाट्या वरण आणि किती पळ्या तेल, हे विचारले असता त्याचे सरळ उत्तर खान्देशातील बहुतेक घरांना मिळत नाही. मापाशिवाय दिलेला सल्ला पाळताही येत नाही आणि मोडला की नाही हेही कळत नाही. प्रस्तुत पत्राचा हेतू एवढाच आहे की, ग्रॅम आणि कॅलरी यांच्या भाषेत तयार असलेले शास्त्र या दोन जिल्ह्यांच्या स्वयंपाकघरातील भांड्यांच्या भाषेत आणावे आणि ते काम जिल्हा परिषदांनी आपल्या हाती घ्यावे, कारण प्राथमिक शाळेचा पोषण आहार, ग्रामीण अंगणवाडी आणि प्राथमिक आरोग्य केंद्र या तिन्ही ठिकाणी सामान्य माणसाच्या ताटाशी शासनाचा जो संबंध येतो, तो जिल्हा परिषदेमार्फतच येतो.

या प्रश्नाची निकड दोन बाजूंनी आहे. भारतीय आयुर्विज्ञान अनुसंधान परिषदेच्या देशव्यापी पाहणीचे जे निष्कर्ष २०२३ मध्ये प्रसिद्ध झाले, त्यांनुसार देशातील प्रौढांपैकी ११.४ टक्के लोकांना मधुमेह आहे आणि आणखी १५.३ टक्के लोक त्याच्या उंबरठ्यावर आहेत. दुसरीकडे, २०१९-२१ च्या राष्ट्रीय कुटुंब आरोग्य पाहणीनुसार महाराष्ट्रातील पाच वर्षांखालील ३५.२ टक्के बालकांची उंची वयाच्या मानाने खुंटलेली आहे आणि १५ ते ४९ वयोगटातील ५४.२ टक्के स्त्रियांना रक्तक्षय आहे, तर याच राज्यात याच वयोगटातील २३.४ टक्के स्त्रियांचे वजन प्रमाणाबाहेर आहे. म्हणजे काही ताटांत गरजेपेक्षा जास्त पडते, काही ताटांत गरजेपेक्षा कमी पडते, आणि पुष्कळ ताटांत पोट भरण्यापुरते धान्य असूनही डाळ, भाजी व फळ यांची जागा रिकामी राहते. 'कमी खा' हा एकच संदेश सर्वांना देणे म्हणूनच चुकीचे ठरते. 'मोजून वाढा' हा संदेश मात्र तिघांनाही लागू पडतो.

येथे दोन संज्ञा स्पष्ट करणे आवश्यक आहे. आहारशास्त्रात 'वाढणी' म्हणजे तुलनेसाठी ठरवलेले एक एकक असते. हैदराबादच्या राष्ट्रीय पोषण संस्थेने धान्याची आणि डाळीची एक वाढणी प्रत्येकी ३० ग्रॅम, तीही शिजवण्यापूर्वीच्या वजनाची, अशी धरली असून दोहोंतून साधारण १०० कॅलरी ऊर्जा मिळते, मात्र धान्याच्या वाढणीतून सुमारे ३ ग्रॅम प्रथिने मिळतात तर डाळीच्या वाढणीतून सुमारे ६ ग्रॅम. 'वाटा' म्हणजे माणूस प्रत्यक्षात आपल्या ताटात जेवढे घेतो तेवढे अन्न. वाढणी कागदावर स्थिर असते, वाटा मात्र भांड्याच्या आकारानुसार, वाढणाऱ्याच्या आग्रहानुसार आणि घरच्या सवयीनुसार बदलतो. आणि मोठे भांडे, मोठे पाकीट किंवा मोठा वाटा समोर आला की माणूस नकळत जास्त खातो, असा निष्कर्ष कॉक्रेन या संस्थेने २०१५ मध्ये अनेक प्रयोगांचा एकत्रित आढावा घेऊन काढलेला आहे. त्यामुळे वाट्याचा प्रश्न केवळ मनोनिग्रहाचा राहत नाही, तो भांड्याचा आणि मापाचाही असतो.

खान्देशी ताटाचा आधार भाकरी आहे, आणि मोजणीची सुरुवात तेथूनच व्हायला हवी. शहरातील फुलक्याला साधारण २५ ते ३० ग्रॅम पीठ लागते, म्हणजे एक फुलका ही जवळजवळ एक वाढणी झाली. परंतु हातावर थापलेल्या जाड, मोठ्या भाकरीला १०० ग्रॅमच्या आसपास पीठ लागत असेल तर ती एकटी भाकरी तीन वाढण्यांहून अधिक भरते आणि सुमारे ३३५ कॅलरी देते. ही भाकरी वाईट नाही. ती ज्या श्रमासाठी घडली, ते श्रम बदलले आहेत. राष्ट्रीय पोषण संस्थेने २०२० मध्ये ठरवलेल्या गरजांनुसार अतिश्रमाचे काम करणाऱ्या पुरुषाला दिवसाला ३,४७० कॅलरी लागतात, तर बैठे काम करणाऱ्या पुरुषाला २,११० पुरतात. स्त्रियांसाठी हेच आकडे अनुक्रमे २,७२० आणि १,६६० आहेत. पुरुषाच्या बाबतीतला १,३६० कॅलरींचा हा फरक भाकरीच्या मापात मांडला तर तो चार मोठ्या भाकरींएवढा होतो. ज्या घरातील वडील दिवसभर शेतात औत हाकत होते आणि मुलगा आता जळगावच्या दुकानात गल्ल्यावर किंवा धुळ्याच्या कचेरीत खुर्चीवर बसतो, त्या घरात भाकरीचा आकार आणि संख्या वडिलांच्या काळाचीच राहिली असेल, तर उरलेली ऊर्जा पोटावर चरबीच्या रूपाने साठणे अटळ आहे.

राष्ट्रीय पोषण संस्थेने २०२४ मध्ये सुधारलेल्या मार्गदर्शक सूचनांत २,००० कॅलरींच्या दिवसाचे जे ताट मांडले आहे, त्यात धान्य २५० ग्रॅम, डाळी व कडधान्ये ८५ ग्रॅम, भाज्या ४०० ग्रॅम, फळे १०० ग्रॅम, दूध किंवा दही ३०० मिलिलिटर, शेंगदाणे-तिळासारख्या तेलबिया व सुकामेवा ३५ ग्रॅम आणि वरून वापरायचे तेल-तूप २७ ग्रॅम, असे प्रमाण आहे. खान्देशी मापात याचा अर्थ असा होतो की, बैठे काम करणाऱ्या माणसाला सकाळचे पोहे, दुपारचा भात आणि दोन्ही वेळच्या भाकरी-पोळ्या मिळून दिवसभरात अडीच मोठ्या भाकरींएवढे धान्य पुरते. आणि त्यासोबत घट्ट वरण, उसळ, पिठले किंवा डुबुक वडे यांच्या मिळून साधारण तीन वाट्या आणि भाज्यांच्या भरपूर वाट्या यायला हव्यात. प्रत्यक्षात उलटे घडते : भाकरी मोजल्या जात नाहीत आणि पातळ रस्सा किंवा ठेचा तेवढा तोंडी लावण्यापुरता असतो. शिधापत्रिकेवर मिळणारे धान्य हेच चित्र पक्के करते. राष्ट्रीय अन्नसुरक्षा कायद्यान्वये प्राधान्य कुटुंबातील प्रत्येक माणसाला महिन्याला ५ किलो धान्य मिळते, म्हणजे दिवसाला सुमारे १६७ ग्रॅम. हा आधार मोलाचा आहे, परंतु तो ताटाचा धान्याचाच कोपरा भरतो आणि डाळ-भाजीचा कोपरा कुटुंबाच्या खिशावर सोडतो. म्हणूनच त्या कोपऱ्यासाठी किती हवे, हे कुटुंबाला नेमके माहीत असणे अधिकच गरजेचे ठरते.

या बाबतीत खान्देशाच्या जुन्या स्वयंपाकात शास्त्राला मान्य होईल असे उत्तर आधीपासून आहे. कळणा म्हणजे ज्वारीत अख्खे उडीद आणि मीठ घालून दळलेले पीठ. अहिराणीत ज्याला 'कयनानी भाकर' म्हणतात ती याच पिठाची. ज्वारीच्या प्रथिनांत लायसिन हा घटक कमी असतो, तो उडदात भरपूर असतो. उडदात मेथिओनिन कमी असते, ते ज्वारी पुरवते. आणि धान्य-डाळीच्या मिश्रणातून उत्तम प्रतीची प्रथिने मिळावीत म्हणून तीन भाग धान्याला एक भाग डाळ हे प्रमाण आज सुचवले जाते. वर दिलेल्या २५० आणि ८५ ग्रॅमच्या आकड्यांतही हेच प्रमाण दिसते. तीन वाट्या ज्वारीला एक वाटी उडीद घेऊन कळणा दळला, तर १०० ग्रॅमच्या एका भाकरीतच सुमारे २५ ग्रॅम उडीद, म्हणजे डाळीची जवळजवळ एक वाढणी पोटात जाते. घरोघरी हे प्रमाण कमी-जास्त असते आणि महागाईत उडदाचा हात आखडतो. परंतु तीनास एक हा नियम गिरणीवर दळण नेणाऱ्या प्रत्येक बाईला एका वाक्यात सांगता येण्याजोगा आहे.

जेथे हात आखडायला हवा ती जागा तेलाची आहे. भौगोलिक मानांकन मिळालेले जळगावचे भरिताचे वांगे हे या प्रदेशाचे वैभव आहे आणि मुळात अत्यंत हलके अन्न आहे, कारण किलोभर कच्च्या वांग्यांत अडीचशेच्या आसपासच कॅलरी असतात. काड्यांच्या जाळावर वांगी भाजून, साल काढून, गर लाकडी भांड्यात ठेचला जातो. मग तेलात हिरवी मिरची, लसूण, शेंगदाणे, खोबऱ्याचे काप आणि कांद्याची पात परतून त्यात तो गर घातला जातो. येथपर्यंतचा प्रत्येक जिन्नस हितकारकच आहे. पण चौघांसाठी केलेल्या किलोभर वांग्यांच्या भरितात १५० मिलिलिटर तेल ओतले, तर प्रत्येकाच्या वाट्याला सुमारे ३४ ग्रॅम तेल, म्हणजे ३०० कॅलरी येतात आणि दिवसभराचे २७ ग्रॅम तेल एका पदार्थातच ओलांडले जाते. तेच तेल ६० मिलिलिटरवर आणले, तर प्रत्येकाला साडेतेरा ग्रॅम, म्हणजे दिवसाच्या वाट्याच्या निम्मे तेल मिळते, आणि भाजलेल्या वांग्याचा धुरकट स्वाद जराही उणावत नाही. त्यासोबत पुरीऐवजी कळण्याची भाकरी घेतली, तर हे जेवण देशातील कोणत्याही आहारतज्ज्ञाच्या पसंतीस उतरेल. शेवभाजीचा हिशेब याहून कडक आहे, कारण तिच्यात शेव तळतानाचे तेल आणि रश्श्यावरची तर्री असा दुहेरी भार असतो. शेवेच्या वजनाचा साधारण एक तृतीयांश भाग तेलच असते. शेवभाजी रोजच्या ताटातली भाजी मानली जाऊ नये, आणि ज्या दिवशी ती असेल त्या दिवशी शेव मूठभर व सोबत काकडी, मुळा, कांद्याची पात भरपूर, एवढे पथ्य पाळणे शक्य आहे. तेलाचे सर्वांत सोपे माप रोजच्या पळीपेक्षा महिन्याच्या डब्यात सापडते : माणशी दिवसाला २७ ग्रॅम धरले तर चौघांच्या घराला महिन्याला साधारण साडेतीन लिटर तेल पुरावे, आणि डबा त्याआधी संपत असेल तर तेल कोठे जाते आहे, हे त्या घराने पाहावे.

शेंगदाण्याचा विचार तेलापासून वेगळा करायला हवा. भाजीतील कूट, चटणी आणि ठेचा यांमधून खान्देशी घरात शेंगदाणे सहज पोटात जातात, त्यांत प्रथिनेही चांगली असतात. परंतु ३५ ग्रॅम, म्हणजे एक मोठी मूठ, ही त्यांची दिवसाची मर्यादा असून भरितातले, चटणीतले आणि येता-जाता तोंडात टाकलेले शेंगदाणे तिच्यातच धरायला हवेत. फळांच्या बाबतीत तर जळगावला दूर जाण्याचे कारणच नाही, कारण सोललेले एक मध्यम केळे साधारण १०० ग्रॅम भरते आणि दिवसाच्या फळाची वाढणी पूर्ण करते. मधुमेही व्यक्तींनी केळ्याचे प्रमाण आपल्या डॉक्टरांच्या सल्ल्याने ठरवावे. इतरांच्या, विशेषतः मुलांच्या बाबतीत केळीच्या जिल्ह्यात केळ्याऐवजी बिस्किटांचा पुडा हाती पडणे ही खेदाची गोष्ट आहे.

बाजारातील पाकिटाच्या बाबतीत वाढणी आणि वाटा यांतील फरक अधिक फसवा होतो. पाकिटावर पोषणमूल्ये १०० ग्रॅमला आणि एका वाढणीला किती, हे छापलेले असते, आणि ती वाढणी वीस-तीस ग्रॅमची असली तरी अर्धे पाकीट एका बैठकीत संपणारे असते. तेव्हा एका वाढणीच्या छापील आकड्याला प्रत्यक्ष खाल्लेल्या वाढण्यांच्या संख्येने गुणल्याशिवाय खरा हिशेब लागत नाही. अन्न सुरक्षा व मानके प्राधिकरणाने २०२० मध्ये केलेल्या नियमांनुसार केंद्रीय परवाना असलेल्या किंवा दहा अथवा त्याहून अधिक ठिकाणी शाखा असलेल्या उपाहारगृहांना पदार्थाच्या वाढणीचा आकार आणि कॅलरी मेन्यूवर दाखवाव्या लागतात. महामार्गावरचे ढाबे, गावच्या खानावळी आणि लग्नाचे आचारी यांना हा नियम लागत नाही. तेथे आकडे मागण्यात अर्थ नाही, परंतु अर्धी प्लेट देण्याची सोय, तर्री वेगळ्या वाटीत आणि पंगतीत भाजी-कोशिंबिरीचा आग्रह, एवढे बदल लोकांनी मागितले तर होण्यासारखे आहेत.

ज्यांच्या ताटात कमी पडते, त्यांच्यासाठी मापाचे महत्त्व याहून मोठे आहे. सहा महिने पूर्ण झालेल्या बाळाला दोन-तीन चमच्यांपासून सुरुवात करून आठव्या महिन्यापर्यंत २५० मिलिलिटरच्या वाटीने अर्धी वाटी, नऊ ते अकरा महिन्यांत प्रत्येक वेळी अर्धी वाटी आणि एक ते दोन वर्षांच्या मुलाला पाऊण ते एक वाटी घट्ट अन्न, दिवसातून तीन-चार वेळा लागते, असे जागतिक आरोग्य संघटनेचे मार्गदर्शन आहे. घरातील वाट्या मात्र १०० मिलिलिटरपासून २०० मिलिलिटरपर्यंत कोणत्याही आकाराच्या असतात, त्यामुळे 'अर्धी वाटी खाल्ली' या वाक्यातून बाळाला गरजेच्या निम्म्याहूनही कमी अन्न मिळाल्याचे सत्य झाकले जाऊ शकते. शिरपूर, साक्री, चोपडा, यावल आणि रावेर या तालुक्यांतील आदिवासी पाड्यांवर, जेथे आई पहाटेच मजुरीला जाते आणि बाळ मोठ्या भावंडाच्या हाती असते, तेथे आकार ठरलेली एक वाटी ही औषधाइतकी मोलाची वस्तू ठरेल.

शाळेतील आहाराचे प्रमाणही पालकांना ठाऊक असायला हवे. २०२१ पासून 'प्रधानमंत्री पोषण' या नावाने ओळखल्या जाणाऱ्या या योजनेत पहिली ते पाचवीच्या मुलाला १०० ग्रॅम धान्य, २० ग्रॅम डाळ, ५० ग्रॅम भाजी व ५ ग्रॅम तेल यांतून ४५० कॅलरी व १२ ग्रॅम प्रथिने, तर सहावी ते आठवीच्या मुलाला १५० ग्रॅम धान्य, ३० ग्रॅम डाळ, ७५ ग्रॅम भाजी व ७.५ ग्रॅम तेल यांतून ७०० कॅलरी व २० ग्रॅम प्रथिने मिळावीत, असा निकष आहे. यात धान्याला डाळ पाचास एक आहे. म्हणजे उरलेल्या दोन जेवणांत घराने डाळीचे माप वाढवले, तरच दिवसाचे प्रमाण तीनास एक होते, आणि ही गोष्ट पालकसभेत सांगितली जायला हवी. शिवाय हे सर्व आकडे कोरड्या शिध्याचे असल्यामुळे मुलाच्या ताटात किती पळ्या पडल्या म्हणजे निकष पूर्ण झाला, हे वाढणाऱ्या ताईला कळण्याची सोय व्हायला हवी.

मोजून घेण्याची परंपरा खान्देशाला परकी नाही. पायली, शेर, मापटे आणि चिपटे यांनी धान्य मोजणाऱ्या पिढ्या येथेच होऊन गेल्या. आणि श्रावणात नागपंचमीनंतरच्या रविवारी कानबाई देवीच्या नैवेद्याचे रोट करताना घरातील प्रत्येक पुरुषाच्या नावाने, अगदी पाळण्यातल्या मुलाच्याही नावाने, सव्वा मूठ धान्य मोजून घेण्याची रीत आजही श्रद्धेने पाळली जाते. माणसागणिक मूठ मोजणारी ही संस्कृती रोजच्या ताटाचे मापही सहज स्वीकारील. मात्र रोजच्या मोजणीत लेकीसुनांची मूठ वगळून चालणार नाही. सर्वांच्या मागून जेवणारी स्त्री भाकरी आणि उरलेल्या रश्श्यावर भागवते, डाळ व भाजी तिच्यापर्यंत येईतो संपलेली असते, आणि गरोदरपणी दिवसाला ३५० कॅलरी व अंगावर पाजताना पहिले सहा महिने ६०० कॅलरी जास्त लागत असताना तिचाच वाटा सर्वांत लहान राहतो. आदिवासी भागातील गरोदर व स्तनदा मातांना एक वेळचा चौरस आहार देणारी 'अमृत आहार योजना' शासनाने २०१५ मध्ये याच कारणाने सुरू केली. परंतु घरचा वाटा आधी काढून ठेवण्याची सवय लागल्याशिवाय ते एक जेवण पुरे पडणार नाही.

या सर्व विवेचनावरून दोन्ही जिल्हा परिषदांकडे पुढील विनंत्या आहेत. पाल व धुळे येथील कृषी विज्ञान केंद्रे आणि जळगाव व धुळे येथील शासकीय वैद्यकीय महाविद्यालये यांच्या साहाय्याने खान्देशी पदार्थांचा एक मापतक्ता तयार करावा, ज्यात कळण्याची भाकरी, भरीत, शेवभाजी, डुबुक वडे, वरण-बट्टी आणि पुरणपोळी यांचे प्रमाण भाकरी, वाटी, मूठ आणि पळी यांत दिलेले असेल आणि बैठे काम, मध्यम श्रम व अतिश्रम अशा तीन रकान्यांत ते मांडलेले असेल. हा तक्ता मराठीसोबत अहिराणीत, आणि सातपुड्याच्या पट्ट्यात पावरी व भिली बोलींत वाचून दाखवला जावा. प्रत्येक शाळेला व अंगणवाडीला खुणा केलेली एक पळी आणि २५० मिलिलिटरची एक वाटी द्यावी आणि पाड्यांवरील सहा महिने पूर्ण झालेल्या बाळांच्या घरी तशीच वाटी आशाताईंनी पोहोचवावी. आरोग्य केंद्रात रक्तदाब व साखर तपासायला येणाऱ्याला गोळ्यांसोबत त्याच्या श्रमाप्रमाणे ताटाचे माप लिहून द्यावे. आणि ग्रामसभेत वर्षातून एकदा तरी गावच्याच स्वयंपाकाचे एक ताट मांडून, तराजूवर तोलून लोकांना दाखवावे.

यांपैकी एकाही गोष्टीला मोठा निधी लागत नाही. लागते ती एवढीच तयारी की, शासनाने आहाराचा सल्ला देताना लोकांच्या चुलीजवळ बसून त्यांच्याच भांड्याने मोजून द्यावा. आगामी आर्थिक वर्षाच्या आराखड्यात दोन्ही जिल्हा परिषदांनी या कामासाठी तरतूद करावी, आणि तोपर्यंत प्रत्येक वाचकाने आपल्या घरची एक भाकरी, एक वाटी आणि महिन्याचा तेलाचा डबा एकदा मोजून पाहावा, ही आग्रहाची विनंती.

कळावे.